तारा, ठिपके आणि तीस मीटर

सिरोंचाच्या रानात आज बंदुकीवरच्या दुर्बिणीतून जनावरावर कायदेशीर नेम धरणारा माणूस बहुतेक वेळा वनखात्याचा असतो, आणि त्याच्या बंदुकीत गोळीऐवजी भुलीच्या औषधाचा डार्ट असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेच्या शिकारीला आता बंदी आहे. वाघाने माणसे मारायला सुरुवात केली तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा कारणांसह लेखी आदेश लागतो. जनावर पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवताही येत नाही अशी त्याची खात्री झाल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश निघत नाही. पिकात धुडगूस घालणाऱ्या रानडुकराचा आणि रोहीचा प्रश्न वेगळा. त्यासाठी परवानगीची स्वतंत्र वाट आहे. बाकी सारे काम डार्ट गनचे.

ते काम किती नाजूक असते याचे उदाहरण सिरोंचाच्याच गडचिरोली जिल्ह्यातले आहे. ‘सीटी-१’ या वाघावर गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या वडसा भागात त्याला डार्ट मारून बेशुद्ध केले, मग पिंजऱ्यात घालून नागपूरच्या गोरेवाड्याला नेले. बातमीत ‘वाघ जेरबंद’ एवढेच येते. डार्ट मारणाऱ्याने दुर्बिणीत काय पाहिले, अंतर किती धरले आणि कशावरून धरले, हे कुणी विचारत नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

दुर्बिणीत दिसणारी फुली, रेषा किंवा ठिपके यांना रेटिकल म्हणतात. दुकानातले कॅटलॉग चाळले की जितक्या रेषा जास्त तितकी दुर्बीण शहाणी, असा समज होतो. पाचशे-सातशे मीटरच्या उघड्या माळावर त्यात तथ्यही आहे. सिरोंचाच्या सागवान-बांबूत मात्र गणित उलटते. ते का उलटते हे कळायला आधी रेटिकल अंतर कसे सांगते ते पाहावे लागेल.

दुर्बिणीच्या पुढच्या भिंगातून आलेला प्रकाश नळीच्या आत एका ठरावीक जागी प्रतिमा उमटवतो. नेमक्या त्या जागी एखादी बारीक तार ताणली, तर डोळ्याला तार आणि दूरचे दृश्य दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. यॉर्कशायरचा विल्यम गॅस्कॉइन याला हे १६४० च्या सुमारास उमगले. त्याच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ओढला आणि तो धागा आकाशातल्या ताऱ्याइतकाच रेखीव दिसला, अशी हकिकत सांगतात. गॅस्कॉइन खगोलनिरीक्षक होता. त्याने हे तंत्र आकाशातले बारीक कोन मोजायला वापरले आणि त्यासाठी सूक्ष्ममापकही बनवला. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला, तेव्हा जेमतेम तिशीत होता. म्हणजे ही फुली जन्माला आली ती मोजमापासाठी. बंदुकीवर ती फार नंतर बसली. पुढे कित्येक वर्षे खरोखरच कोळ्याचे धागे, मग धातूच्या तारा वापरात होत्या. आता काचेवर कोरलेले रेटिकल सर्रास मिळते. तार दोन्ही टोकांना कशाला तरी बांधावी लागते. काचेवर मात्र अधांतरी ठिपकाही कोरता येतो. रेषा-ठिपक्यांची आजची गर्दी त्या सोयीतून आली.

अंतर मोजण्याची युक्ती आपल्याकडच्या ओव्हरसियरला रायफलवाल्यापेक्षा जास्त परिचयाची आहे. कालव्याच्या किंवा रस्त्याच्या कामावर डंपी लेव्हलमधून पाहिले की मधल्या आडव्या तारेच्या वर आणि खाली दोन आखूड तारा दिसतात. त्या स्टेडिया तारा. समोर धरलेल्या पट्टीवर वरच्या तारेला १.८२ आणि खालच्या तारेला १.३४ वाचले, तर फरक ०.४८. त्याला शंभराने गुणले की पट्टी ४८ मीटरवर. टेप ओढायची गरज नाही. त्या दोन तारांमधला कोन असा ठेवलेला असतो की शंभर मीटरवर त्यांच्यात बरोबर एक मीटर मावतो.

रायफलच्या दुर्बिणीतले मिल-डॉट हेच करते, फक्त दहा पटीने बारीक. एक मिल म्हणजे हजार मीटरवर एक मीटर, शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. उंची मीटरमध्ये घ्यायची, हजाराने गुणायची, दुर्बिणीत ती जितके मिल व्यापते तितक्याने भागायचे, आले अंतर. काही दुर्बिणींत मिलऐवजी मिनिटांचा हिशेब असतो, म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. तत्त्व तेच. आपल्याकडे मीटरची सवय असल्यामुळे मिल सोयीचे.

समजा, प्राणहितेच्या काठावरून पाहताना पलीकडच्या वाळूत एक रानगवा उभा दिसला. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापर्यंतची उंची १.८ मीटर धरली आणि खुरापासून खांद्यापर्यंत त्याने सहा मिल व्यापले, तर १८०० भागिले ६, म्हणजे ३०० मीटर. हिशेब तोंडी होतो. त्यातली खोच मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. ओव्हरसियरच्या पट्टीवर आकडे छापलेले असतात, गव्यावर नसतात. समोरचे जनावर नर नसून १.५ मीटरची मादी असेल, तर तेच सहा मिल २५० मीटर सांगतात. पन्नास मीटरची चूक दुर्बिणीची नाही, आपल्या समजुतीची आहे. उंचीच्या अंदाजात जितके टक्के चूक, अंतरात तितकीच टक्के चूक, यातून सुटका नाही. चितळाचा मोठा नर खांद्याला सुमारे ९० सेंटिमीटर भरतो, सांबराचा नर १.४ मीटरच्या आसपास, पण कळपातल्या अर्धवट वाढलेल्या पिल्लाला कोणता आकडा लावणार? शिवाय पाय गवतात बुडालेले असतात, मान खाली असते, जनावर उतारावर तिरके उभे असते. म्हणूनच मिलचे गणित ज्याला रोज तेच जनावर पाहून त्याचे माप पाठ आहे त्याच्या हातात चालते. नवख्याच्या हातात ते केवळ नेमके दिसते.

वाचनातही गफलत होते. सहाऐवजी साडेपाच मिल वाचले की गवा ३०० वरून ३२७ मीटरवर जातो. उन्हाळ्यात दुपारी सिरोंचाच्या नदीपात्रातली वाळू तापते, हवा थरथरते, आणि गव्याच्या पायांची कडच हलत राहते. अर्धा मिल कुठेही हरवतो. असे वाचन सकाळी लवकर घ्यावे. नुसत्या डोळ्यांचा तर या प्रदेशात भरवसाच धरू नये. उघड्या वाळूपलीकडची किंवा पाण्यापलीकडची वस्तू आहे त्यापेक्षा जवळ वाटते, दाट सावलीतली लांब वाटते. सिरोंचात दोन्ही अर्ध्या तासाच्या चालण्यात भेटतात.

आता झूमची भानगड. हे प्रकरण नीट समजून न घेता महागडी दुर्बीण घेतलेले लोक मी पाहिले आहेत. झूम असलेल्या दुर्बिणीत रेटिकल दोनपैकी एका जागी बसवता येते. ते पुढे, म्हणजे फर्स्ट फोकल प्लेनमध्ये असेल, तर झूम वाढवताना दृश्याबरोबर रेषाही मोठ्या होतात आणि एक मिल प्रत्येक झूमला एक मिलच राहतो. ते मागे, सेकंड फोकल प्लेनमध्ये असेल, तर दृश्य मोठे-लहान होते पण रेषा तेवढ्याच राहतात, आणि खुणांचे माप एकाच झूमला खरे असते, बहुधा सर्वांत मोठ्या. समजा माप १२ पटीला खरे आहे आणि दुर्बीण चुकून ६ पटीवर राहिली. तोच गवा आता सहाऐवजी तीनच खुणा व्यापेल आणि हिशेब ६०० मीटर सांगेल. चूक थेट दुप्पट. मग सगळ्यांनी पहिलाच प्रकार का घेऊ नये? कारण त्यात झूम कमी केले की रेषा इतक्या बारीक होतात की झाडीत, संध्याकाळी, त्या दिसतच नाहीत. जंगलात झूम कमीच ठेवायचे असते. तेव्हा जिथे फुली सर्वांत गरजेची, तिथेच ती गायब.

इथवर आपण तीनशे मीटरच्या गप्पा मारल्या. डार्ट मारणारा मात्र जनावराच्या वीस-तीस मीटरपर्यंत गेलेला असतो. फार तर चाळीस. एक मीटर उंचीचा वाघ तीस मीटरवर ३३ मिल व्यापतो. नेहमीच्या मिल-डॉटमध्ये मध्यापासून प्रत्येक बाजूला चार ठिपके आणि पाचव्या मिलला जाड रेष सुरू होते, म्हणजे मोजण्याजोगा पट्टा सगळा मिळून दहा मिलचा. वाघ त्यात मावतच नाही. वीतभर फूटपट्टीने नदीचे पात्र मोजायला बसण्यासारखे आहे. ठिपके तिथे असतात, सुबक दिसतात, आणि वाघाच्या पट्ट्यांत मिसळून मूळ मध्यबिंदू कोणता याचाच घोळ घालतात.

मोठ्या पटीचीही तीच कथा. दहा पटीच्या साधारण रायफल दुर्बिणीतून शंभर मीटरवर साडेतीन मीटर रुंदीचे दृश्य दिसते. तीस मीटरवर ते जेमतेम एक मीटर उरते. बांबूच्या बेटात पिवळ्या-काळ्या कातडीचा तुकडा दिसतो, पण तो खांदा आहे की मांडी हे कळायला दुर्बीण बाजूला करावी लागते. चार पटीच्या दुर्बिणीत तिथेच पावणेतीन मीटरच्या आसपास दिसते, म्हणजे शेपूट सोडून अख्खा वाघ. उजेडाचा हिशेबही चार पटीच्या बाजूने आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. ४×३२ मध्ये तो आठ मिलिमीटर, १०×४० मध्ये चार. तिन्हीसांजेला बाहुली पसरते तेव्हा तरुण डोळा सात मिलिमीटरपर्यंतचा झोत घेऊ शकतो.

मग अशा रानात रेटिकल कोणते? नुसती बारीक फुली भर दुपारी छान आणि सहा वाजता निरुपयोगी. ड्युप्लेक्स म्हणतात त्या प्रकारात बाहेरच्या चार रेषा जाड आणि मध्याजवळ एकदम बारीक होतात. डोळा जाड रेषांच्या ओढीने आपोआप मध्याकडे जातो आणि बारीक भाग जनावर झाकत नाही. लूपोल्ड या अमेरिकी कंपनीने तो १९६२ मध्ये आणला, आणि इतक्या वर्षांत त्याला हरवणारे काही आलेले नाही असे माझे मत आहे. जर्मन चार नंबर हा त्याचाच युरोपातला भाऊबंद: डावीकडे, उजवीकडे आणि खाली अशा तीनच जाड रेषा, वरची बाजू मोकळी. अंधार पडता पडता रानडुकराची वाट पाहणाऱ्या तिकडच्या शिकाऱ्यांचा तो आवडता. आतली फुली दिसेनाशी झाली तरी तीन खांबांच्या मधोमध नेम धरता येतो. मध्यावर दिवा असलेला ठिपका मिळाला तर चांगलेच, पण तो अगदी मंद ठेवावा. झगझगीत ठिपका डोळ्याची अंधाराची सवय मोडतो आणि मागचे जनावर पुसून टाकतो. मोठे न करणारी, लाल ठिपक्याची साईट हाही पर्याय आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरता येते, आणि दोन मिनिटांचा ठिपका तीस मीटरवर पावणेदोन सेंटिमीटरच जागा झाकतो.

गोळीच्या घसरणीप्रमाणे खाली खाली खुणा असलेले रेटिकल डार्ट गनवर मात्र नको. त्या खुणा एका ठरावीक वजनाच्या, ठरावीक वेगाच्या गोळीसाठी कोरलेल्या असतात. डार्टचे वजन आतल्या औषधाबरोबर बदलते, वेग गॅसच्या दाबाबरोबर बदलतो, आणि दाब तर प्रत्येक वेळी अंतर पाहून आपणच ठरवतो.

अंतराचा खरा काच इथे आहे. सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघालेली रायफलची गोळी तीस मीटरवर पोचेपर्यंत एक सेंटिमीटरही खाली येत नाही. तिथे पाच मीटरची चूक झाली काय आणि दहाची झाली काय, फरक पडत नाही. जुन्या साहेबी शिकारीत मचाणावरून बांधलेल्या हेल्यावर आलेला वाघ वीस-तीस यार्डांत टिपायचा असे, त्यामुळे अंतराची चिंता कुणी फारशी केली नाही. डार्ट त्या मानाने रेंगाळत जातो. सेकंदाला ६० मीटर वेग धरला, तर २५ मीटरला तो सुमारे ८५ सेंटिमीटर खाली येतो आणि ३० मीटरला १२० पेक्षा जास्त. हवेचा अडथळा यात धरलेलाही नाही. पाच मीटरच्या चुकीला ३८ सेंटिमीटर! मांडीच्या मांसल भागावर धरलेला नेम तेवढ्याने एक तर वाघाच्या पोटाखालून जातो किंवा पाठीवरून. चुकीची दुसरी बाजू अधिक वाईट. जनावर पंधरा मीटरवर असताना तिसाचा दाब ठेवला, तर डार्ट नको तितक्या जोराने आदळतो आणि सुई जिथे जायला नको तिथे जाते. ज्याला वाचवायला गेलो त्यालाच जखम.

म्हणून अंतर रेटिकलने नव्हे, वेगळ्या साधनाने मोजायचे. लेझर रेंजफाइंडर प्रकाशाचा ठोका पाठवतो, तो परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि आकडा दाखवतो. वनरक्षकांना हे यंत्र नवे नाही. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत ते ट्रान्झेक्टच्या रेषेवर चालत चितळ-सांबर-गव्यांची नोंद करतात, तेव्हा रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने दिशा टिपतात. कळप साठ मीटरवर आणि रेषेशी तीस अंशांत असेल, तर रेषेपासूनचे त्याचे लंब अंतर तीस मीटर. अशा लंब अंतरांवरूनच रानात जनावरांची घनता किती हे पुढे काढतात. ज्याने या चालीत शंभरेक वेळा आधी डोळ्याने अंदाज करून मग आकडा पाहिला आहे, त्याचा डोळाही तयार होतो.

बांबूत मात्र लेझर फसवतो. समोर आलेले एक पान, एक काटकी ठोका परत पाठवते आणि यंत्र निर्धास्तपणे ११ मीटर म्हणते. वाघ मागे २६ वर. काही यंत्रांत सर्वांत जवळचा पडसाद दाखवायचा की सर्वांत दूरचा, हे निवडता येते. गोल्फच्या मैदानासाठी बनवलेली यंत्रे जवळचा धरतात, कारण त्यांना मागच्या झाडांपुढचा झेंडा हवा असतो. रानासाठीची दूरचा धरतात. घेताना एवढे विचारून घ्यावे. त्याहून खात्रीची रीत म्हणजे वाघावर यंत्र न धरता त्याच्या अगदी शेजारच्या सागाच्या बुंध्यावर धरणे. बुंधा रुंद असतो, हलत नाही. पिंजऱ्याजवळ किंवा भक्ष्यापाशी बसायचे असेल, तर उजेड असतानाच टेप घेऊन चार-पाच झाडांची अंतरे मोजून मनात पक्की करावीत. अंधारात मग प्रश्न एवढाच उरतो की जनावर कोणत्या झाडापाशी आहे.

मचाणावरून किंवा गाडीच्या टपावरून खाली नेम धरताना अजून एक वजाबाकी आहे. गुरुत्वाकर्षणाला जमिनीवरचे आडवे अंतर कळते, तिरपे नाही. तीस अंश खाली पाहताना यंत्राने ३० मीटर दाखवले तर दाब २६ मीटरचा ठेवायचा. कोन धरून हिशेब करणारी यंत्रे आता मिळतात.

दुर्बीण घेतानाची शेवटची अट बहुतेक जण विसरतात. रायफलच्या दुर्बिणी साधारण शंभर मीटरवर जुळवलेल्या असतात. त्यांतून वीस मीटरवर पाहताना डोळा किंचित सरकला की फुली जनावरावर सरकलेली दिसते, बंदूक स्थिर असली तरी. हाच पॅरलॅक्स. यासाठी छऱ्याच्या एअर रायफलची, दहा मीटरपासून पुढे जुळवता येणारी दुर्बीण घ्यावी. ती स्वस्तही असते. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसते, एवढ्या कमी अंतराला तोही फरक जाणवतो.

हे सगळे जमले की नाही, हे पोत्यावर कळते. गवत भरलेले गोणपाट वाघाच्या खांद्याच्या उंचीवर बांधायचे, डार्टमध्ये औषधाइतकेच पाणी भरायचे, आणि १५, २०, २५, ३० मीटरवरून प्रत्येक अंतराला कोणत्या दाबाने डार्ट फुलीवर लागतो ते लिहून काढायचे. तो तक्ता बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवावा. वेगवेगळ्या मापाच्या डार्टसाठी वेगळा तक्ता लागतो, आणि कार्बन डायऑक्साइडवर चालणारी बंदूक असेल तर जानेवारीच्या पहाटे काढलेले आकडे मे महिन्यात पुन्हा तपासावे लागतात, कारण थंडीत नळकांड्यातला दाब उतरतो.